वाचकांचे प्रश्न : बाळाच्या वजनाची रेषा

प्रश्न : माझी मुलगी पूर्ण दिवसांची असून जन्मतः तिचे वजन २.७ किलो होते. त्यानंतर अंगणवाडीत दर महिन्याला ३.५, ४.४, ५.१, ५.६ आणि पाच महिने पूर्ण झाल्यावर ६ किलो अशी नोंद झाली. ती फक्त अंगावरचे दूध पिते. आखाजीला माहेरी गेले, तेव्हा तिथल्या दुकानातल्या काट्यावर वजन ५.७ किलोच भरले. जाऊबाईंची मुलगी तिच्याच वयाची असून ७.४ किलोची आहे. माझे दूध पुरत नसल्याने डब्याचे दूध सुरू करावे, असे घरातले म्हणतात. काय करावे?
(एक आई, अमळनेर तालुका)

उत्तर : ताई, डब्याचे दूध सुरू करू नका. तुम्ही सगळ्या महिन्यांची वजने लिहून पाठवलीत म्हणूनच मला हे ठामपणे सांगता येते. नुसते ‘सहा किलो’ एवढेच कळवले असते, तर त्यावरून काहीच सांगता आले नसते.

माता-बाल संरक्षण कार्डात मुलींच्या वाढीचा वेगळा तक्ता असतो. त्यावर हे सहा ठिपके मांडून जोडले, तर तुमच्या मुलीची रेषा छापील रेषांना समांतर, हिरव्या, म्हणजे योग्य वजनाच्या पट्ट्यातून वर चढताना दिसते. पाच महिन्यांच्या मुलींचे मधले वजन ६.९ किलो मानले जाते, म्हणजे निम्म्या निरोगी मुली त्याहून कमीच भरतात, आणि हिरव्या पट्ट्याची खालची कड सुमारे ५.४ किलोवर आहे. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे वजन दिवसाला साधारण २५ ते ३० ग्रॅमने वाढावे अशी अपेक्षा असते. तुमच्या मुलीचे सुमारे २७ ग्रॅमने वाढले आहे. जन्माचे वजन साधारणपणे पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट व्हावे लागते, ते तिने चौथ्यातच गाठले. नंतरच्या दोन महिन्यांत वाढ आधी ५०० आणि मग ४०० ग्रॅमवर आली, ही या वयातली स्वाभाविक मंदगती आहे. जाऊबाईंची मुलगी जन्मतः किती वजनाची होती, तिच्या आईवडिलांची चण कशी आहे, हे ध्यानात न घेता केलेली तुलना दोन्ही आयांवर अन्याय करते.

हा तक्ता परदेशी बाळांचा आहे, अशी शंका अनेकांना असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली प्रसिद्ध केलेली ही मानके सहा देशांतील बाळांच्या मोजमापांवर आधारलेली आहेत आणि त्यांत दक्षिण दिल्लीतील बाळेही होती. मुख्य म्हणजे ती आईच्या दुधावर वाढलेल्या बाळांवरून ठरवलेली आहेत. पूर्वीच्या तक्त्यांत वरच्या दुधावरची बाळे पुष्कळ असल्यामुळे अंगावर पिणारे निरोगी बाळसुद्धा तीन-चार महिन्यांनंतर मागे पडल्यासारखे दिसे आणि आईच्या दुधावर विनाकारण ठपका येई.

माहेरच्या काट्याने दाखवलेली घट बहुधा काट्यातलाच फरक आहे. वजन शक्यतो एकाच काट्यावर, अंगावरचे कपडे काढून, दूध पाजण्याआधी करावे. झोळीच्या काट्यावर झोळी रिकामी लटकवून काटा शून्यावर आहे ना, हे पाहूनच बाळाला ठेवावे. दुधाचा अंदाज लघवीवरूनही येतो : दिवसरात्रीत सहा किंवा अधिक वेळा भरपूर लघवी होत असेल, तर दूध पुरते आहे. वरचे दूध सुरू केले की बाळ अंगावर कमी ओढते आणि कमी ओढले की आईचे दूध खरोखरच आटू लागते; घरच्यांना ही एक गोष्ट आवर्जून समजावून सांगा.

प्रश्न : नातू चार महिन्यांचा आहे. इकडे पारा ४५ अंशांवर जातो, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा त्याला उकळून गार केलेले पाणी चमच्याने पाजतो, शिवाय मधातून गुटी देतो. दोन महिन्यांत त्याचे वजन ५.१ किलोवरून ५.४ किलोच झाले. उन्हाळ्यात असे होतेच का?
(एक आजी, भुसावळ)

उत्तर : आजी, उन्हाळ्यामुळे असे होत नाही, आणि तुमच्या नातवाची मला काळजी वाटते. या वयात दोन महिन्यांत वजन एक किलोहून अधिक वाढायला हवे होते. त्याची रेषा आडवी पडून हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरली आहे. त्याला या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, कारण लघवीतील जंतुसंसर्ग किंवा हृदयाचा दोष अशी कारणेही तपासावी लागतात.

पाणी मात्र आजपासूनच बंद करा. आईच्या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते, त्यामुळे खानदेशच्या वैशाखातही सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाची तहान त्यातून भागते. बाळाचे पोट लहान. ते पाण्याने भरले की तितके दूध कमी जाते. उकाड्यात बाळाला अधिक वेळा, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा अंगावर घ्यावे आणि पाणी आईने भरपूर प्यावे. मध पहिले वर्षभर देऊ नये. त्यातील जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. तुम्ही हे सगळे मायेपोटी केलेत, हे मी जाणतो.

प्रश्न : आमच्या अंगणवाडीतील नऊ महिन्यांच्या मुलाचे वजन ६.९ किलो आणि दंडघेर १२.१ सेंटिमीटर आहे. त्याला वरणाचे पाणी आणि चहा-बिस्कीट देतात. कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणार आहे.
(अंगणवाडी सेविका, शहादा तालुका)

उत्तर : सेविकाताई, या वयाच्या मुलाचे वजन किमान ७.१ किलो हवे, आणि ११.५ ते १२.५ सेंटिमीटर दंडघेर म्हणजे मध्यम कुपोषण. दंडघेर ११.५ च्या खाली गेला, दोन्ही पायांवर सूज आली किंवा मूल खाईनासे झाले, तर त्याला विलंब न करता पोषण पुनर्वसन केंद्रात पाठवावे लागेल.

वरणाच्या पाण्याने पोट भरते, अंग भरत नाही. डाळ चमच्यावरून ओघळणार नाही इतकी घट्ट हवी. दादरची, म्हणजे रब्बी ज्वारीची भाकरी त्यात कुस्करून वर चमचाभर तेल किंवा तूप, शेंगदाण्याचा बारीक कूट, कुस्करलेले केळे, शक्य असेल तिथे अंडे, असे दिवसातून तीन-चार वेळा अर्धी वाटी द्यायला सांगा. अंगावरचे दूध सुरूच राहू द्या. चहा पूर्ण थांबवावा, कारण त्यामुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. वजन आणि दंडघेर पंधरा दिवसांनी पुन्हा मोजा. कुटुंब निघेल तेव्हा कार्ड घरात पेटीत न ठेवता आईने सोबत न्यावे आणि मुक्कामाच्या गावी पहिल्याच आठवड्यात तिथल्या अंगणवाडीत दाखवावे, हे तिला निघण्यापूर्वी स्वतः भेटून सांगा.