निम्नजादू, अल्पजादू की विरळा जादू?

नागपूरच्या धरमपेठेतून प्रश्न आला आहे. चार-पाच मित्र रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक जगात पात्रं होऊन गोष्ट रचत खेळायचा खेळ खेळतात आणि आता खेळ मराठीतून चालवायचा म्हणतात. जग ‘लो-मॅजिक’ ठरलंय, म्हणजे जादू आहे, पण ऊठसूट दिसत नाही. त्याला ‘निम्नजादू’ म्हणावं की ‘अल्पजादू’? आणि फारसीतून आलेल्या ‘जादू’ला संस्कृत शब्द जोडला तर चालतो का?

दुसऱ्या शंकेचं उत्तर सोपं आहे. ‘जिल्हाधिकारी’त अरबी जिल्हा आणि संस्कृत अधिकारी चक्क संधी करून नांदतात, तेव्हा ‘जादू’नं काय घोडं मारलंय? शिवाय तो म्हणावा तितका परकाही नाही. फारसी ‘जादू’ आणि ऋग्वेदातला ‘यातु’ एकाच जुन्या इराणी-भारतीय घराण्यातले.

‘निम्नजादू’ मात्र नको. विदर्भातल्या माणसाला ‘निम्न’ म्हटलं की निम्न वर्धा प्रकल्प आठवतो. मग कोणीतरी विचारणारच, ऊर्ध्वजादूचं धरण कुठाय बे? ‘अल्प’ची गत याहून बरी नाही. अल्पबचत, अल्पभूधारक… पोस्टातल्या खिडकीचा वास येतो. कोणी ‘अल्पमाया’ सुचवेल, कारण माया हा जुना, भारदस्त शब्द. पण आज मराठीत माया म्हणजे आईची तरी किंवा साठवलेली तरी. अल्पमायेचं जग म्हणजे कोरड्या मनाच्या कफल्लक लोकांचं जग.

पण शब्द शोधण्याआधी तुमच्या ‘लो’चा अर्थ ठरवायला हवा, कारण त्यात तीन गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. जादू येणारी माणसं थोडी, की जादूच दुबळी, की जादू भरपूर पण लपलेली? (‘लो फॅण्टसी’ हे आणखी वेगळं. आपल्या रोजच्या जगात अद्भुत घुसतं अशा गोष्टींना समीक्षक ते नाव देतात. जादू किती, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही.)

हे ठरवायला मी एक कसोटी वापरतो. खेळाच्या पाचव्या आवृत्तीत ‘गुडबेरी’ नावाचा पहिल्या पातळीचा मंत्र आहे. म्हटला की दहा बोरं मिळतात आणि एका बोरावर माणसाचं दिवसभराचं पोट भरतं. अगदी नवखा ड्रुइडसुद्धा (निसर्गाची जादू येणारं पात्र) तो दिवसातून दोनदा म्हणू शकतो, म्हणजे वीस पोटं. गावात असे पाच जण निघाले तर दुष्काळ संपला, सावकार संपला, आणि तुमच्या कथेचा अर्धा ताणही संपला. तेव्हा ‘आमचं जग लो-मॅजिक’ म्हणताना हा मंत्र तुम्ही काढलात, महाग केलात, की तो येणारा माणूसच पंचक्रोशीत एक ठेवलात? ‘लो’चा अर्थ तिथे कळतो. माझा कौल या शेवटच्या, माणसं थोडी ठेवण्याच्या वाटेला. मंत्र दुबळे केले की खेळाडू चिडतात. माणसं कमी केली की कथा वाढते, कारण त्या एका माणसाच्या दारात रांग लागते.

त्या वाटेसाठी मराठीत नेमका शब्द आहे, फक्त कान्याकडे लक्ष द्या. विरळ आणि विरळा दोन्ही संस्कृत ‘विरल’चेच, पण विरळ म्हणजे पातळ पसरलेलं, अंतरा-अंतरानं असलेलं : विरळ वस्ती, विरळ केस. विरळा म्हणजे क्वचित सापडणारा : असा माणूस विरळाच. ‘विरळ जादू’ म्हटलं तर सगळीकडे थोडी-थोडी शिंपडलेली वाटते. ‘विरळा जादू’ म्हणजे शोधायला निघावं लागेल अशी. तुम्हाला दुसरी हवी आहे.

हे झालं जगाचं नाव. खेळ सुरू झाल्यावर मात्र ‘जादू’ शब्द शक्यतो उच्चारूच नका. गावात कोणी ‘जादू झाली’ म्हणत नाही. करणी केली, नजर लागली, बाहेरचं आहे, चौकात उतारा ठेवलाय, असं म्हणतात. मेळघाटातल्या कोरकू गावात भुमक्याकडे, म्हणजे तिथल्या वैदू-मांत्रिकाकडे जातात. आपल्याच शहरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत निघते आणि अख्खा इतवारी-महाल ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून ओरडतो. पुतळा जळतो, रोगराई त्याच्यासोबत गेली की नाही हे कोणी तपासत नाही. विरळा जादूच्या जगाचा सूर मला यातच सापडतो. विश्वास सगळ्यांचा, पुरावा कोणाकडेच नाही.

यातली करणी, चेटूक ही मंडळी वर्णनापेक्षा आरोपाचे शब्द आहेत, हेही ध्यानात घ्या. ही खोड जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात वसिष्ठ शपथ घेतो, ‘अद्या मुरीय यदि यातुधानो अस्मि’, मी यातुधान, म्हणजे चेटूक करणारा, असेन तर आजच मरेन. म्हणजे आरोप झालाय आणि तो तो झटकतोय. याउलट विद्या आणि सिद्धी हे कमावण्याचे शब्द : गुरू लागतो, वर्षं जातात. तुमच्या जगात एकाच बाईला राजवाड्यात ‘विद्यावती’ आणि वेशीबाहेर ‘चेटकीण’ म्हणतात, एवढं ठेवलंत तरी दोन रविवारचं कथानक तयार होईल. फक्त ‘चेटकीण’ हा आरोप खेळात पटकन खरा ठरवू नका. नरबळी आणि जादूटोण्याविरुद्धचं विधेयक 2013च्या डिसेंबरात इथल्याच हिवाळी अधिवेशनात मंजूर झालं. शब्द अजून पुरता काल्पनिक झालेला नाही.

‘किमया’ वापरू नका. मूळ अरबी अर्थ किमयागारीचा, पण आता वर्तमानपत्रात शेवटच्या षटकात सामना जिंकला तरी ‘किमया’च होते.

‘हाय-मॅजिक’ला काय, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. ‘उच्चजादू’ लिहू नका, उदंड जादू लिहा.