पाऊस पडला की दुकानातलं प्रत्येक वाण चांगलंच का वाटतं?

पारोळ्याच्या भाऊंनी विचारलंय की मार्चमध्ये नको म्हटलेलं कपाशीचं वाण जूनच्या पहिल्या पावसानंतर दुकानात एकदम भारी का वाटतं.

भाऊ, मन खुश असलं की त्या खुशीचं श्रेय माणूस समोरच्या वस्तूला देऊन टाकतो. 1978 साली अ‍ॅलिस आयझन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या एका मॉलमध्ये काही लोकांना छोटी भेटवस्तू दिली. नंतर भलत्याच माणसाने त्यांना घरच्या गाडीबद्दल, टीव्हीबद्दल विचारलं. भेट मिळालेल्यांनी आपापल्या वस्तूंचं जास्त कौतुक केलं. आपल्याकडे मे संपताना चार सरी येणं ही त्याहून कितीतरी मोठी भेट.

त्यात घाई. दुकानात रांग, मागचा पुढे सरकतोय, काउंटरवरचा म्हणतो, "दोनच पिशव्या राहिल्यात." अशा वेळी माणूस सगळं तोलत बसत नाही, मनात जे आहे तेच वाणाचे गुण ठरतात. पण घाई नेहमी घ्यायलाच लावते असं नाही. पीटर राइटने 1974 मध्ये मोटारींच्या पसंतीवर दाखवलं की वेळ कमी असला की लोक दोषांनाच जास्त धरून बसतात. रांगेत कुणी "त्याच्यावर बोंडअळी लई येते" एवढं बोललं की चांगलं वाणही बाद! माझ्या मते आपल्याकडे नुकसान यानेच जास्त होतं, कारण ऐकलेलं पडताळायला तिथे वेळच नसतो.

म्हणून वाण वेचणीच्या दिवसांत ठरवा. शेजारच्या शेतात उभं राहून बोंड हातात घ्या. कापूस सहज सुटतो का, जमीन हलकी की भारी, पाणी किती दिलं, हे त्या शेतकऱ्यालाच विचारा. पसंतीचं एक आणि पर्यायी एक, अशी दोन नावं कागदावर लिहा आणि जूनला तोच कागद खिशात घेऊन जा.

पहिली सर म्हणजे शेवटची गाडी नव्हे. कोरडवाहूसाठी कृषी विभागच 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतो. बीटी (बोंडअळीला तोंड द्यायला जनुक बदललेल्या) कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमतही सरकारने ठरवलेली असते, तेव्हा "उद्या महाग होईल" म्हणून त्यापेक्षा जास्त कुणी मागितले तर देऊ नका. पक्की पावती घ्या, तिच्यावर लॉट नंबर आहे का ते काउंटरवरच बघा आणि रिकामी पिशवी टॅगसकट, थोडं बियाणं ठेवून, हंगाम संपेपर्यंत जपा.