उत्तर: नगरपरिषदेचा मोफत सीएनसी कोर्स करा, पण शेवटच्या दिवशी शुद्धीवर राहा

तुमची पोस्ट काल रात्रपाळीत चहाच्या सुट्टीत वाचली. चौकात नगरपरिषदेचा फ्लेक्स, इथल्या मुलांना इथेच काम, तीन महिन्यांचा मोफत सीएनसी ऑपरेटरचा (संगणकाने चालणारं धातू कापायचं मशीन चालवणाऱ्याचा) कोर्स, तुम्ही बी.ए. झालेले, मोबाइलच्या दुकानात नऊ हजारांवर, आणि प्रश्न असा की दुकान सोडून फॉर्म भरावा का. मोबाइलच्या जागी झेरॉक्सचं दुकान धरा, बाकी २०१८ मधला मीच. म्हणून लांबलचक लिहितोय, चालवून घ्या.

फॉर्म कुठे मिळतो, कुठले दाखले लागतात ते सांगत बसत नाही, खिडकीवर कळेल. मला बोलायचंय ते कोर्सच्या शेवटच्या दिवसाबद्दल. माझं सगळ्यात मोठं नुकसान त्या एका सकाळी झालं आणि तेही माझ्याच हाताने.

आमची बॅच तीस जणांची, शेवटी बावीस उरलो होतो. दुपारी सभागृहात प्रमाणपत्रवाटप, नगराध्यक्ष येणार, म्हणून सकाळी केंद्रावर सगळ्यांना लवकर बोलावलेलं. बाकड्यावर कागदांचे गठ्ठे. 'इथे सही, इथे, इथे पण' असं करत प्रत्येकाकडून सात-आठ सह्या घेतल्या. फोटो आधी सहा दिले होते, अजून दोन मागितले. एका कागदाच्या माथ्यावर कुठल्याशा मनुष्यबळ पुरवठादाराचं नाव होतं, खाली माझं नाव टाइप केलेलं आणि तारखेची जागा कोरी. मी विचारलंसुद्धा, 'सर, हे काय?' तर म्हणाले, 'फॉर्मॅलिटी आहे रे, पुढे इंटरव्ह्यूला लागते.' मागे रांग, बाहेर वडे तळायला घेतलेले, आई दुपारच्या कार्यक्रमाला ठेवणीतली साडी नेसून येणार होती. केली सही. मोबाइलवर फोटो काढला नाही की झेरॉक्स घेतली नाही. दोन वर्षं झेरॉक्सच्या दुकानात काढलेला माणूस मी!

नंतर दीड महिन्याने एक फोन आला. चाकणला पॅकिंगचं काम, बारा तास, राहण्याची सोय आपली आपण. आमच्या घरापासून एमआयडीसी सहा किलोमीटर आणि 'स्थानिक रोजगार' निघाला दोनशे किलोमीटरवर. मी नाही म्हणालो आणि विसरून गेलो.

पुढच्या वर्षी मित्राच्या वडिलांच्या शेडमधली जुनी लेथ (धातूचे गोल भाग कातायचं मशीन) विकायला निघाली. एक लाख साठ हजार. म्हटलं जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्यांचे भाग कातून देणं, सुरू करू. तेव्हा राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात स्वयंरोजगारासाठी वैयक्तिक कर्ज दोन लाखांपर्यंत मिळायचं, तारण नाही, आणि सात टक्क्यांवरचं व्याज सरकार भरायचं. अर्ज केला, कोटेशन जोडलं, कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या कार्यदल समितीच्या मुलाखतीला गेलो. समोरच्या बाईंनी संगणकात पाहिलं आणि म्हणाल्या, 'तुम्ही तर नोकरीला आहात.' स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर माझं नाव, माझा आधार, कंपनी आणि पगार. प्रशिक्षणानंतर नोकरी लागली, लाभ पूर्ण. ज्या कंपनीचं गेटसुद्धा मी पाहिलं नव्हतं तिथे मी वर्षभर राबत होतो!

इथून जे सुरू झालं ते लिहायला बसलो तर पहाट होईल. हे कार्यालय कुठलं ते सांगत नाही, अजून तिथे कामं पडतात. पहिल्या टेबलावर सांगितलं, दुरुस्ती प्रशिक्षण केंद्र करेल. केंद्राच्या गाळ्यात तोवर दहावीचे क्लास सुरू झाले होते. जिल्ह्याला गेलो, तिथे म्हणाले नगरपरिषदेने पत्र द्यावं. परत आलो तर संबंधित कर्मचारी कंत्राटी होता, त्याची मुदत संपली, नवीन कोणी आलं नाही. मग सर्व्हर. मग निवडणुकीचं काम. मोजल्या तर अकरा खेपा, प्रत्येक खेपेला अर्ध्या दिवसाचा पगार कापून. कोणी उद्धटपणे बोललं नाही, खोटं कशाला बोलू. सगळे 'बसा ना' म्हणायचे. बसूनच गेलं वर्ष.

असं का होतं ते मला फार उशिरा कळलं. केंद्र सरकारने २०१५ मध्ये कौशल्य योजनांसाठी समान निकष काढले. त्यात तेव्हा प्रशिक्षण संस्थेला पैसे तीन हप्त्यांत मिळायचे: बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, प्रमाणपत्र मिळाल्यावर ५० आणि उरलेले २० नोकरी लागल्यावर. आता तीन महिन्यांत खऱ्या नोकऱ्या लावणं अवघड आणि नोकरीचे कागद लावणं सोपं. माझी ती कोरी तारीख म्हणजे त्यांचा शेवटचा हप्ता होता. सगळ्या संस्था असंच करतात असं मी म्हणत नाही. आमच्याच शेजारच्या तालुक्यात एका केंद्राने निम्म्या पोरांना खरोखर कामाला लावलं, ते मला माहीत आहे. पण पैशाचं गणित असंही असू शकतं हे डोक्यात ठेवून सही करा.

सुटलो ते माहितीच्या अधिकाराने. साध्या कागदावर अर्ज, वर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 'माझी फसवणूक झाली, चौकशी करा' असलं काही लिहू नका, ती तक्रार झाली, माहिती नव्हे. मी पहिल्या अर्जात तेच लिहिलं आणि एका ओळीचं उत्तर आलं. दुसऱ्यांदा फक्त एवढंच मागितलं: 'माझ्या नावे नोकरीचा पुरावा म्हणून सादर झालेल्या सर्व कागदांच्या छायाप्रती द्याव्यात.' ३० दिवसांत काही आलं नाही, २० रुपयांच्या स्टॅम्पवर पहिलं अपील टाकलं, आठवड्यात पाकीट घरी. त्यात ते नेमणूकपत्र आणि तीन महिन्यांच्या पगारपावत्या. पत्रावरची सही माझी, पावत्यांवरची माझी नव्हे. ती माझ्यापेक्षा सुरेख होती. ते कागद पुढे ठेवल्यावर दुरुस्ती झाली, पण आणखी चार महिन्यांनी. लेथ केव्हाच विकली गेली होती.

(मी वकील नाही. योजनांची नावं आणि पोर्टल तेव्हापासून बदलली आहेत, तुमच्याकडे कुठल्या योजनेतून पैसा येतोय ते फ्लेक्सच्या खालच्या बारीक अक्षरांत बघा.)

तर तुम्ही काय करायचं? नवीन कागदावर कोरी तारीख दिसली की आडवी रेघ मारा, मग सही. आधारच्या प्रतीवर 'फक्त अमुक प्रशिक्षणासाठी' आणि तारीख स्वतःच्या हाताने लिहा. प्रत्येक कागदाचा फोटो काढा. कोणी म्हणालं 'एवढा अविश्वास?' तर हसा आणि फोटो काढा.

आता कोर्सबद्दल. माझं मत कडू आहे. यादीत कोर्स कुठले असतात? जे शिकवणारी संस्था शहरात उपलब्ध आहे ते. कंपन्यांना काय हवंय हे विचारून यादी झाली, असं मी तरी पाहिलेलं नाही. आमच्या वेळी शिवणकाम, ब्युटी पार्लर, संगणक आणि सीएनसी. आमच्या एमआयडीसीत तेव्हा मागणी होती वेल्डरची. म्हणून फॉर्म भरण्याआधी एक काम करा. सकाळी सात वाजता, पाळी सुटते-भरते तेव्हा, गेटवर जा. 'पाहिजेत'चे बोर्ड वाचा. बहुतेकांवर 'आयटीआय टर्नर, मशिनिस्ट, फिटर' असेल. टर्नर किंवा मशिनिस्टचा आयटीआय दोन वर्षांचा आहे, तुमचा कोर्स तीन महिन्यांचा. मोठी कंपनी हे दोन कागद एका मापाने मोजत नाही. लहान शेडवाला मोजतो, कारण त्याला कागदाशी देणंघेणं नसतं, त्याला हात हवा असतो. मला शेवटी घेतलं ते एका बारा माणसांच्या शेडने. मालकाने प्रमाणपत्र उघडूनही पाहिलं नाही. हातात व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) दिला आणि बुशचा, म्हणजे धातूच्या पोकळ नळीचा, आतला व्यास सांगायला लावला. आमच्या केंद्रात एकच मशीन, तेही शिकवणीचं, छोटं. टूल ऑफसेट, म्हणजे कापायच्या हत्याराचं माप मशीनला देणं, आम्ही फळ्यावर शिकलो. व्हर्नियर मात्र एका म्हाताऱ्या सरांनी रोज हातात दिला होता, तेवढाच उपयोगी पडला. प्रवेशाच्या आधी केंद्रात जाऊन मशिनं मोजा, पोरांना किती वेळ हात लावू देतात ते जुन्या बॅचला विचारा.

'कंपन्यांत ८० टक्के नोकऱ्या स्थानिकांना' या घोषणेवरही विसंबू नका. राज्याचं ते धोरण आहे खरं, पण त्यात स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात १५ वर्षं राहिलेला माणूस. तुमच्या गावातला असं कुठेच नाही. लातूरचा मुलगाही तितकाच स्थानिक, आणि असायलाच हवा. नगरपरिषदेला खरंच इथल्या मुलांना काम द्यायचं असेल तर फ्लेक्सपेक्षा सोपी गोष्ट आहे: ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला प्रशिक्षणार्थी (अप्रेंटिस) घेणं बंधनकारक आहे, एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. मुख्याधिकाऱ्यांनी एमआयडीसीतल्या मालकांना एकदा चहाला बोलावून विचारावं, तुमच्या जागा किती भरल्यात? अप्रेंटिसच्या कराराची केंद्र सरकारच्या पोर्टलवर नोंद होते, महिन्याला विद्यावेतन मिळतं आणि मशीन खरं असतं. तुम्ही बी.ए. असलात तरी काही ट्रेडना चालतं. आमच्याकडे हे कोणी केलं नाही. नारळ फोडायला मात्र तिघे जण होते.

दुकान सोडू नका, निदान पहिला महिनाभर. संध्याकाळची बॅच मागा. आमच्यात पाच जणांनी मिळून मागितली आणि मिळाली, एकट्याला कोणी देत नाही.

आईंच्या शिवणकामाचं विचारलंय म्हणून जाता जाता: त्या आधीपासून शिवत असतील तर नगरपरिषदेच्या शिवण वर्गापेक्षा केंद्र सरकारची कारागिरांसाठीची पीएम विश्वकर्मा योजना बघा. शिंपीकाम त्यातल्या १८ व्यवसायांत आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये आणि अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर. पण कुटुंबात एकालाच मिळतं.

आणि ठेकेदाराकडे चार दिवस जरी लागलात तरी यूएएन (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) तपासा. माझ्या मित्राची नोकरी सोडल्याची तारीख ठेकेदाराने टाकलीच नाही, पुढच्या कंपनीत पीएफ अडकला. आता शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख आपली आपण टाकता येते. त्याला ते माहीत नव्हतं, तो ठेकेदाराला फोन करत बसला.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा नमुना माझ्याकडे टाइप केलेला आहे, हवा असेल तर सांगा. आजही रात्रपाळी आहे, उद्या दुपारी उठल्यावर टाकतो.