तिच्या वहीतले पाच भयपट

प्रश्न : माझी मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. दहावीला 94 टक्के होते, बारावीत 68 वर आली. नीटचा स्कोअरही अगदीच कमी आला. दीड वर्षापूर्वी आमचा मोठा मुलगा अपघातात गेला. तो एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याचं अपुरं राहिलेलं मुलीने पूर्ण करावं, एवढीच आमची इच्छा आहे. ती हुशार आहे, मनात आणलं तर सहज करेल. पण गेलं वर्षभर रात्ररात्र भुताखेताचे इंग्रजी सिनेमे बघते, तेच तेच सीन पुन्हा लावते, दार लावून त्यातले संवाद मोबाईलवर रेकॉर्ड करते. मी तपासलं, तर एका व्हिडिओत जेवणाच्या टेबलावरचं भांडण होतं आणि आई व मुलगा अशी दोन्ही कामं करत ती ओरडत होती. आता म्हणते, अभिनयच करणार. 'मला दुःख माहीत आहे, म्हणून मला हे जमेल,' असं तिचं म्हणणं. नुसतं किंचाळण्यात कसला अभिनय? तिच्या वहीतल्या सिनेमांच्या यादीचा फोटो जोडला आहे. रिपीटर बॅचचे प्रवेश बंद होत आलेत. मोबाईल काढून घ्यावा का? हे खूळ कसं घालवावं? तिची आई हल्ली फारशी बोलत नाही.
– एक वडील

उत्तर : नमस्कार.

मार्कांपासून सुरुवात करत नाही, कारण मार्कांची मला काळजी वाटली नाही. भाऊ गेल्यावर वर्षभरात बोर्डाची परीक्षा देऊन 68 टक्के आणणारी मुलगी खचलेली असेल, पण वाया गेलेली नाही. काळजी वाटली ती तुमच्या पत्रातल्या दोन वाक्यांची. मुलगा गेला हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत आणि लगेच त्याची रिकामी जागा मुलीच्या नावावर करून टाकलीत. तुम्हीही पोटचा मुलगा गमावला आहे, हे लक्षात ठेवूनच लिहिते आहे. तरीही स्पष्ट सांगायला हवं. हे तिच्या कानावर कसं पडत असेल, याचा विचार करा. पास झाली तर ती पदवी त्याची आणि नापास झाली तर तो पुन्हा एकदा गेला, तोही तिच्यामुळे. असं ओझं पाठीवर घेऊन बायोलॉजीचं पुस्तक उघडणाऱ्या मुलीचं लक्ष लागत नाही, यात आश्चर्य कसलं?

आणखी एक. तिचे व्हिडिओ तुम्ही तिला न विचारता बघितलेत, वहीचा फोटोही तसाच काढलात. हे तिला सांगा आणि तिची माफी मागा. पुढे मी जे सुचवणार आहे, ते त्याशिवाय होणार नाही.

आता ती यादी. डोन्ट लुक नाऊ, 1973. द बाबाडूक, 2014. हेरेडिटरी, 2018. मिडसमार, 2019. द नाइट हाऊस, 2020. प्रत्येकापुढे मुख्य भूमिका करणाऱ्यांची नावं आहेत आणि कितव्या मिनिटाला काय होतं याच्या नोंदी. तुम्हाला हे भुताचे सिनेमे वाटतात. मी हे पाचही पाहिले आहेत. या सगळ्यांत घरातलं कुणीतरी गेलेलं आहे आणि मागे राहिलेल्यांना त्याबद्दल बोलता येत नाही. भीती तिथूनच सुरू होते, भूत नंतर येतं. काहींत ते आहे की नाही, हेही बराच वेळ कळत नाही.

डोन्ट लुक नाऊमध्ये लहान मुलगी तळ्यात बुडते. तिचे वडील झालेला डोनाल्ड सदरलँड तिला हातांत घेऊन पाण्याबाहेर येतो, त्याच्या तोंडून धड शब्द फुटत नाही. आई, म्हणजे ज्युली क्रिस्टी, ते बघून किंचाळते आणि दिग्दर्शक निकोलस रोग ती किंकाळी मधेच तोडून थेट व्हेनिसमधल्या ड्रिल मशीनच्या आवाजावर नेतो. नवरा तिथे एका जुन्या चर्चच्या दुरुस्तीचं काम करतोय. माणूस कामाला लागला, दिवस सुरू झाले, किंकाळी तशीच आत राहिली. तुमच्या घरात गेल्या दीड वर्षात काय चाललं असेल, हे मला पत्रापेक्षा या दृश्याच्या आठवणीने जास्त कळलं.

द बाबाडूक तर तुम्ही स्वतः बघावा, असं मी आग्रहाने म्हणेन. बायकोला बाळंतपणासाठी दवाखान्यात नेताना नवरा अपघातात गेला. मुलगा त्याच दिवशी जन्मला, म्हणून त्याचा वाढदिवस त्या तारखेला कधी साजराच होत नाही. सहा वर्षांचा पोरगा बापाच्या मरणाचा हिशेब अंगावर घेऊन वावरतो आणि आईला त्याच्याकडे बघवत नाही. एसी डेव्हिसने ही आई अशी केली आहे की तिचा राग येतो आणि त्याच क्षणी तिला जवळ घ्यावंसं वाटतं. सुरुवातीला ती कुजबुजल्यासारखी बोलते, हसायचं म्हणून हसते. तिचा आवाज चढत जातो तो महिनोन् महिने झोप न झालेल्या बाईसारखा, आधी चिडका, मग घोगरा. शेवटी ते भूत मरत नाही. ते तळघरात राहतं आणि ती त्याला रोज खायला नेऊन देते. 'नुसतं किंचाळणं' म्हणता ते यात कुठे आहे, मला सांगा.

तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा हेरेडिटरीतल्या प्रसंगाचा आहे. धाकटी मुलगी अपघातात गेली आहे आणि गाडी मोठा मुलगा चालवत होता. बरेच दिवस कुणीच काही बोलत नाही. मग एकदा जेवताना मुलगाच आईला म्हणतो, मनात आहे ते बोलून टाक. आईचं काम करणारी टोनी कॉलेट उठून उभी राहते आणि साठलेलं सगळं बाहेर येतं. राग, तिरस्कार, आणि त्याच्याखाली त्या मुलावरची मायाही. टेबलावर वडील असतात. त्यांना फक्त हे थांबायला हवं असतं. तुमची मुलगी यातली दोन माणसं एकटीने करते, कारण घरात तिच्याशी हे भांडण करायला कुणी नाही. मला यात खूळ दिसत नाही. तुमच्या घरात तुमच्या मुलाबद्दल मोठ्याने बोलणारं सध्या एकच माणूस आहे, आणि तेही दार लावून, दुसऱ्यांचे संवाद उसने घेऊन बोलतंय.

नाइट हाऊसमध्ये रेबेका हॉल शिक्षिका आहे. नवऱ्याने आत्महत्या केल्यावर ती लवकरच शाळेत कामावर येते आणि एक पालक मुलाच्या मार्कांची तक्रार घेऊन समोर बसते. ही बाई थंडपणे, डोळ्यांत डोळे घालून, नवऱ्याने स्वतःला गोळी घातली हे सांगून टाकते. पालकाला कुठे बघावं कळत नाही. तुमच्या मुलीने या दृश्यापुढे दोनदा रेघ मारली आहे.

यातून ती उत्तम अभिनेत्री होईल, असा अर्थ मात्र काढू नका आणि तिलाही काढू देऊ नका. 'मला दुःख माहीत आहे, म्हणून मला जमेल' हा तिचा समज साफ चुकीचा आहे आणि धोक्याचाही. आपली जखम हेच आपलं भांडवल, असं मानून या क्षेत्रात येणारी मुलं मी पाहिली आहेत. ती पहिल्या ऑडिशनला रडून दाखवतात आणि तिसऱ्या टेकला त्यांच्याकडे काही उरत नाही. कॅमेऱ्यासमोर तोच आक्रोश वेगवेगळ्या कोनांतून पुन्हापुन्हा द्यावा लागतो. हात त्याच शब्दावर टेबलावर यावा लागतो, मान तेवढीच वळावी लागते, नाहीतर एडिटरला दोन तुकडे जोडता येत नाहीत. हे दुःखाने येत नाही, तालमीने येतं. बाबाडूकमध्ये आई मुलाला नको नको ते बोलते. तो लहानगा समोर असताना ते शब्द उच्चारायचे नाहीत, असं दिग्दर्शक जेनिफर केंटने ठरवलं होतं. एसी डेव्हिस ओरडत होती ती गुडघ्यांवर बसलेल्या एका मोठ्या माणसासमोर. पडद्यावर आपला जीव गोळा होतो आणि मुलाच्या कानावर त्यातलं काही पडलेलंच नसतं. केंट आणि डेव्हिस दोघीही ऑस्ट्रेलियातल्या नायडा या नाट्यसंस्थेत शिकलेल्या. उलट बाजूही तिला माहीत असू द्या. मिडसमारची नायिका फ्लॉरेन्स प्यू हिने त्या कामासाठी रोज मनात आणखी वाईट, आणखी भयाण कल्पना आणल्या आणि नंतर मुलाखतीत स्वतःच कबूल केलं की त्या कामासाठी आपण स्वतःचा छळ केला. हेरेडिटरीत मुलाचं काम करणाऱ्या अ‍ॅलेक्स वूल्फनेही त्या भूमिकेचा त्रास मागे राहिल्याचं सांगितलं आहे. ही अनुभवी माणसं होती, भोवती सांभाळणारं युनिट होतं. तुमची मुलगी हेच प्रयोग बंद खोलीत, मध्यरात्री, ओल्या जखमेवर करते आहे.

मिडसमारबद्दल एक वेगळी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्यासाठी आहे. त्यातल्या डॅनीचं सगळं कुटुंब एका रात्रीत जातं. तिचा प्रियकर तिला कसाबसा धरून बसतो, पण त्याचं मन तिथे नसतं. पुढे परदेशातल्या एका विचित्र पंथाच्या बायका तिला घेरून बसतात, तिच्या श्वासाबरोबर श्वास घेतात, ती हंबरडा फोडते तसा फोडतात. पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याबरोबर रडलेलं असतं आणि तिथेच ती त्या पंथाची होते. पोरीबरोबर घरात कुणी रडलं नाही, तर जो कुणी पहिल्यांदा रडेल त्याच्यामागे ती जाईल. तो चांगलाच असेल, याची खात्री कोण देणार? हा सिनेमा मात्र तिने सध्या पुन्हा बघू नये, असं माझं मत आहे. त्यात आत्महत्या आहे आणि फार हिंसा आहे. बंदी घालू नका, कारण सांगा.

अभिनयाच्या वाटेबद्दल थोडक्यात: दिल्लीच्या एनएसडीचा, म्हणजे राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा, अभ्यासक्रम तीन वर्षांचा, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट-प्रशिक्षण संस्थेचा स्क्रीन अ‍ॅक्टिंगचा दोन वर्षांचा, दोन्हीकडे आधी पदवी लागते. म्हणजे आज कुठलाच दरवाजा बंद होत नाहीये. कुठल्याही शाखेची पदवी घेत ती कॉलेजच्या एकांकिकांत उतरू शकते. तिथे तिला आधी विनोदी काम करायला सांगा, मग एखादं अगदी साधं, ज्यात रडायला वाव नाही असं. टोनी कॉलेट पहिल्यांदा गाजली ती 1994 च्या म्युरिएल्स वेडिंग या विनोदी सिनेमाने. एसी डेव्हिस टीव्हीवर मिस फिशर नावाची खेळकर गुप्तहेर झाली. दुःख बाजूला ठेवूनही मुलीला स्टेजवर जावंसं वाटलं, तर तो तिचा कल. दुःखाशिवाय तिला तिथे करमेनासं झालं, तर तिला अभिनय नको होता, भाऊ हवा होता.

म्हणून आत्ता तिला रिपीटर बॅचलाही घालू नका आणि अभिनयाच्या क्लासलाही. नीटला किती वेळा बसावं यावर बंधन नाही. पुढे तिचं स्वतःचं मन झालं तर ती बसेल. बॅचचे प्रवेश बंद होत असतील तर होऊ द्या. मोबाईलही काढून घेऊ नका. रात्री झोप नीट होत नाही ही खरी अडचण आहे, त्यावर तिच्याशी बोलून काही ठरवा. एखाद्या संध्याकाळी तिला विचारा, बाबाडूक माझ्याबरोबर बघशील का? बघताना मोबाईलमध्ये डोकं घालू नका, मधे सल्ला देऊ नका. संपल्यावर तिच्या भावाचं नाव घ्या. कसंही घ्या, अडखळत घ्या, पण तुम्ही घ्या.

आणि शोकाच्या समुपदेशनाचा अनुभव असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाकडे तिघांनीही जा. 'मुलीला दाखवायला' जाऊ नका. तिची आई हल्ली बोलत नाही, हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंत. मला तेही तितकंच गंभीर वाटतं. त्यांचीही वेळ घ्या, आणि तुमची स्वतःचीही. दोघींपैकी कुणी जगण्यात अर्थ नाही असं काही बोललं, खाणंपिणं सोडलं, तर एक दिवसही थांबू नका. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानस हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीबेरात्रीही चालतो.

हे उत्तर तिला वाचायला द्या. तिला मला काही लिहावंसं वाटलं, तर ते तिने स्वतःच्या हाताने लिहावं. त्याचं उत्तर मी तिलाच पाठवेन, त्यात काय आहे हे तुम्हाला सांगणार नाही.