गुरूचा सॅक्सोफोन, शिष्याचा ट्रॉम्बोन

प्रश्न : अमेरिकी जॅझमधील ट्रॉम्बोनवादक (ट्रॉम्बोन म्हणजे सरकत्या नळीचे पितळी फुंकवाद्य) स्टीव्ह टरे यांनी ‘द स्पिरिट्स अप अबव्ह’ हा अल्बम आपले गुरू राहसान रोलंड कर्क यांच्या स्मरणार्थ केला, असे समजले. परंतु कर्क हे तर सॅक्सोफोनवादक म्हणून ओळखले जातात. गुरूचे वाद्यच वेगळे असताना त्यांचा प्रभाव शिष्याच्या वादनात ओळखायचा कसा? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गुरू-शिष्यांची वाद्ये वेगळी असणे आपल्याकडेही नवे नाही. पंडित हरिप्रसाद चौरसिया यांनी मुंबईत अन्नपूर्णादेवींकडे तालीम घेतली. अन्नपूर्णादेवी सूरबहार वाजवीत. बासरीवरची फुंकर आणि बोटे ही शिष्याची स्वतःची होती, त्यांना मिळाला तो रागाचा विचार. टरे यांनी कर्क यांच्याकडून काय घेतले, हेही याच दिशेने शोधावे लागते.

कर्क यांचा जन्म 1935 मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस येथे झाला. अगदी लहानपणीच त्यांची दृष्टी गेली. टेनर सॅक्सोफोन आणि त्याच कुळातील मॅन्झेलो व स्ट्रिच ही तीन वाद्ये ते एकाच वेळी तोंडात धरून वाजवीत, आणि ही केवळ कसरत नव्हती, कारण त्या तीन वाद्यांतून एखाद्या वाद्यवृंदाच्या सॅक्सोफोन-विभागासारखी स्वरसंगती उमटत असे. गालांत साठवलेली हवा बाहेर सोडत असतानाच नाकाने श्वास घेण्याची विद्या, जी आपल्याकडील पुंगीवाल्यांनाही अवगत असते, त्यांना इतकी साधली होती की त्यांचा स्वर मिनिटांमागून मिनिटे अखंड चालू राही. नाकाने वाजवायची बासरी, शिट्ट्या, भोंगा असे काहीही त्यांना वर्ज्य नव्हते. जॅझला ते ‘कृष्णवर्णीयांचे अभिजात संगीत’ म्हणत, आणि न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या वादनापासून ब्लूज, चर्चमधील भक्तिगीते आणि त्यांच्या काळातील, ठरलेल्या चौकटी सोडून वाजवल्या जाणाऱ्या मुक्त जॅझपर्यंतचा सगळा वारसा त्यांच्या एकाच मैफलीत एकत्र नांदत असे. 1975 मध्ये पक्षाघाताने शरीराची एक बाजू लुळी पडल्यावर त्यांनी आपली वाद्ये एका हाताने वाजवता येतील अशी करून घेतली आणि वादन चालू ठेवले. 1977 च्या डिसेंबरमध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

टरे 1948 मध्ये जन्मले आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात वाढले. तरुणपणीच त्यांना कर्क यांच्यासोबत वाजवण्याची संधी मिळाली आणि कर्क यांच्या अखेरच्या वर्षांतही ते त्यांच्याबरोबर होते. गुरूच्या निधनानंतर सत्तावीस वर्षांनी, 2004 मध्ये, हा अल्बम प्रसिद्ध झाला. मला हे अंतर महत्त्वाचे वाटते, कारण वियोगाच्या पहिल्या भरात केलेल्या स्मरणात शोक अधिक असतो, तर इथे पन्नाशी ओलांडलेला, स्वतःचा आवाज सापडलेला वादक गुरूचे संगीत पुन्हा हाती घेतो आहे. जेम्स कार्टर हे सॅक्सोफोनवादक, डेव्ह व्हॅलेंटिन हे बासरीवादक, पियानोवर मलग्रू मिलर आणि बासवर बस्टर विल्यम्स अशी जाणती मंडळी त्यांनी सोबत घेतली. कर्क एकटे जेवढे आवाज काढीत तेवढे निरनिराळ्या वादकांत वाटले गेले आहेत, आणि त्यामुळे गुरूच्या रचना किती भक्कम होत्या हे उलट अधिक स्पष्ट ऐकू येते. तीन वाद्यांचा तो विस्मय बाजूला केला, तरी त्या रचना उभ्या राहतात.

टरे यांच्याच आणखी एका अल्बमशी तुलना केली, तर तुमच्या प्रश्नाचे उत्तर अधिक नेमके मिळेल. 2001 मध्ये निधन पावलेले जे. जे. जॉन्सन हे आधुनिक जॅझमधील ट्रॉम्बोनचे आद्य पुरुष होते. ज्या वाद्यात सरकनळीच्या सात जागा सांभाळत स्वर शोधावे लागतात, त्यावर बीबॉप या वेगवान जॅझशैलीची द्रुत लय त्यांनी स्वच्छपणे आणून दाखवली. त्यांच्या स्मरणार्थ टरे यांनी 2003 मध्ये ‘वन फॉर जे’ हा अल्बम केला आणि त्यात अनेक ट्रॉम्बोन एकत्र आणले. तिथे कृतज्ञता कारागिरीबद्दलची आहे, स्वराच्या गोलाईबद्दलची आणि वाक्याच्या रेखीवपणाबद्दलची. कर्क यांच्या अल्बममध्ये ती संगीताकडे पाहण्याच्या दृष्टीबद्दलची आहे. वादनाच्या मध्येच ब्लूजची हाक यावी, पुढच्याच क्षणी सूर चौकटीबाहेर जावा आणि तरीही श्रोत्याचा हात सुटू नये, ही टरे यांची सवय मला थेट कर्क यांच्याकडून आलेली वाटते.

प्रश्न : टरे शंखही वाजवतात, हे खरे आहे काय? शंखातून चाल निघू शकते का? (एक वाचिका, सांगली)

उत्तर : होय, आणि ही ओढदेखील कर्क यांच्याकडूनच आली, त्यांच्या वाद्यसंभारात शंख होता. ट्रॉम्बोनमध्ये आणि शंखात नाद उत्पन्न होतो तो ओठांच्या कंपनानेच, म्हणून ट्रॉम्बोनवादकाचे ओठ शंखासाठी आधीच तयार झालेले असतात. आपल्या देवघरातील शंखाप्रमाणेच टरे यांच्या शंखांचेही टोक कापून तिथे फुंकण्यासाठी भोक केलेले असते. लहान शंखाचा स्वर उंच, मोठ्याचा खालचा. शंखाच्या मुखात हात कमी-अधिक घातला की स्वर खाली-वर होतो, आणि निरनिराळ्या आकारांचे शंख जवळ ठेवले की चाल वाजवता येते. 1993 च्या ‘सँक्टिफाइड शेल्स’ या अल्बममध्ये तर त्यांनी अनेक वादकांना घेऊन शंखांचा वृंदच उभा केला.

ऐकायला सुरुवात करताना आधी कर्क यांचा 1969 चा ‘व्हॉलंटीअर्ड स्लेव्हरी’ हा अल्बम मिळवावा. टरे यांनी आपल्या अल्बमला ज्या रचनेचे नाव दिले ती मूळ रचना त्यात आहे. ती दोन-तीनदा ऐकून मगच 2004 च्या अल्बमकडे वळावे.