फुगलेली पिशवी शिवून टाकता येते का?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या धाकट्या बहिणीला मार्फन सिंड्रोम आहे, म्हणजे शरीराला बांधून धरणारे धागेच कमकुवत असण्याचा जन्मजात आजार. तीन महिने झाले, उठून बसली की थोड्याच वेळात डोकं मागून ठणकायला लागतं आणि आडवी झाली की थांबतं. कमरेच्या एमआरआयमध्ये ड्युरल एक्टेशिया आलंय, म्हणजे मणक्यातली पाण्याची पिशवी फुगलीय म्हणे. मग ऑपरेशन करून ती शिवून का टाकत नाहीत?

उत्तर : ताई, फुगणं वेगळं आणि गळणं वेगळं, आधी हा घोळ सोडवू. मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं आवरण असतं, आत पाणी, मेंदूभोवतीचं धरून साधारण १५० मिली. मार्फनमध्ये फायब्रिलिन नावाचं प्रोटीन बिघडलेलं असतं त्यामुळे आवरण लेचंपेचं, त्यात उभं राहिलं की पाण्याचा दाब कमरेखाली सगळ्यात जास्त, म्हणून तिथेच फुगतं. मार्फनच्या बहुतेक मोठ्या पेशंटना हे असतंच आणि पुष्कळांना पत्ताही नसतो, तेव्हा नुसतं फुगलंय म्हणून कोणी चाकू लावत नाही, लावूही नये.

पण उठलं की दुखणं, झोपलं की थांबणं, इथे आवरणाला भोक पडून पाणी गळतंय असाच संशय घ्यायचा. मेंदूचा कॉन्ट्रास्ट एमआरआय करा, भोक कुठेय ते शोधायला मायलोग्राम, म्हणजे त्या पाण्यात औषध सोडून काढलेला मणक्याचा फोटो, लागतो. आधी बहुतेक ब्लड पॅच करतात, म्हणजे तिच्याच शिरेतलं १०-२० मिली किंवा थोडं जास्त रक्त काढून पाठीत आवरणाच्या बाहेर सोडायचं, ते गोठून भोक बुजवतं. एकदा नाही जमलं तर परत करतात.

सर्जरी त्याच्यानंतर, आणि भोक नेमकं सापडलं तर. ओल्या टिश्यू पेपरला टाका घालून बघा, दोरा ओढला की कागद फाटतो, वर सुईचं भोक ही नवी गळती! म्हणून सर्जन नुसत्या टाक्यांवर भरवसा ठेवत नाहीत, पेशंटच्याच स्नायूचा नाहीतर चरबीचा तुकडा वर बसवतात, फायब्रिन ग्लू, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रोटीनचा डिंक, लावतात.

एक मात्र लक्षात ठेवा, कधीकधी ही पिशवी माकडहाडाच्या वरच्या त्रिकास्थीतून पुढे ओटीपोटात उतरते आणि सोनोग्राफीत ओव्हरीची गाठ वाटते. 'सुई घालून पाणी काढू' असं कोणी म्हणालं तर आधी मार्फन सांगा, कारण तिथून इन्फेक्शन थेट मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतं.

पॅच किंवा ऑपरेशननंतर काही आठवडे वाकणं, उचलणं, कंबर पिळणं बंद. आणि दुखणं उलटं झालं, म्हणजे झोपल्यावर वाढायला लागलं, तर घाबरू नका पण लगेच कळवा, बहुतेक वेळा आतला दाब वाढलेला असतो आणि त्यावर गोळ्या आहेत.