गावी परत जाताय? आधी एक पावसाळा काढा

अरे भावा, मुंबईची खोली विकून कोकणात जायची घाई नको करू. गणपती नि शिमग्याला दिसतं ते गाव वेगळं, चाकरमानी परतले की निम्म्या घरांना कुलपं आणि जुलैत दोन दोन दिवस लाईट नाही, म्हणून आधी एक अख्खा पावसाळा राहून बघ. दुसरं म्हणजे सातबारा काढ. आमच्या सामाईक कलमांच्या बागेवर चुलत-चुलत मिळून 23 नावं निघाली, त्यातली निम्मी माणसं वारलेली, वारस नोंदी करून घेण्यातच दोन वर्षं गेली (हेलपाटे वेगळेच). आणि हो, वाडीच्या बैठकीला जात जा, वर्गणी वेळेवर दे, पण पहिलं वर्ष ऐकून घे फक्त. मी पहिल्याच बैठकीत सोलर पंप सुचवला होता, अजून टोमणे मारतात.